गाडीच्या पोटाखालचा शाफ्ट

गाडीचं इंजिन सगळ्यांना ठाऊक असतं आणि चाकं तर दिसतातच. पण इंजिन पुढं आणि फिरायची मागची चाकं, मग मधल्या चार-पाच फुटांतून जोर पलीकडं जातो कसा, असं विचारलं की चांगली शिकलेली माणसं गप्प होतात. माझा सगळा जन्म त्या मधल्या चार-पाच फुटांत गेला.

त्या जागी एक पोकळ नळी असते. तिला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, आमच्याकडं नुसतं शाफ्ट. नळीच्या दोन्ही टोकांना लोखंडी चिमटे वेल्डिंगनं जोडलेले असतात आणि चिमट्यात अधिकच्या चिन्हासारखा एक क्रॉस बसतो. चाक खड्ड्यात गेलं की गाडीची मागची बाजू वरखाली होते, तेव्हा शाफ्टनं फिरता फिरता वाकडंतिकडं व्हायला पाहिजे, ते काम हा क्रॉस करतो. एवढंच यंत्र. पण ते माणसांच्या पायाखाली, पत्र्याच्या एका थरापलीकडं, मिनिटाला हजारो फेऱ्या मारत असतं.

मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालं तेव्हा मी शाळेत होतो. वडील वीटभट्टीवर. पुढं भरती झालो आणि लोखंड कापायला शिकलो. सुटून आल्यावर सांगलीत, मिरजेच्या रस्त्याला, एक जुना लेथ टाकून दुकान उघडलं. पाटी रंगवून घेतली, ‘येथे प्रोपेलर शाफ्ट व क्रॉसची कामे खात्रीशीर होतील.’

गिऱ्हाईक म्हणजे सगळे उसाचे ट्रक, जीप आणि टेंपो. एकजण जतहून एस.टी.च्या टपावर शाफ्ट टाकून आला. ग्रीस कुणाला लागू नये म्हणून त्यानं तो बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला होता. कंडक्टरला वाटलं, आत काहीतरी भलतंच आहे. स्टँडवर ही गर्दी जमली आणि पोलिसासमोर लुगडं सोडावं लागलं. दुसऱ्या एकाचा क्रॉस हातात घेतला तर तो वाळलेल्या खारकेसारखा झालेला.

“ग्रीस मारता का न्हाई?” मी विचारलं.

“मारतो की. दिवाळीच्या दिवाळीला.”

अशा माणसांत दिवस हसतखेळत चालले होते. मग तुकारामची जीप आली.

तुकाराम वडूजकडचा, एका ठेकेदाराच्या जीपवर ड्रायव्हर. शाफ्टच्या पुढच्या टोकाला, चिमट्याजवळ नळीला चीर गेलेली. नवी नळी टाकायला दोन दिवस लागले असते. ठेकेदार म्हणाला, आत्ताच्या आत्ता वरून वेल्डिंग मार. मी नको म्हणत होतो आणि एकीकडं वेल्डिंगचा होल्डर हातात घेत होतो. तीच माझी चूक. जोड चांगला दिसत होता. जीप गेली आणि आठव्या दिवशी निरोप आला. पळत्या गाडीत शाफ्ट पुढून तुटला, तुटलेलं टोक रस्त्यात रुतलं, जीप उचलली गेली आणि मागून फिरत आलेल्या नळीनं पत्रा फोडून तुकारामचा डावा पाय घोट्याखाली नेला.

मिरजेच्या दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होतो. मी खाटेजवळ पोचलो. तोच म्हणाला, “मिस्त्री, तुमचा जोड तुटला न्हाई बरं का. मी बघितलं. जोडाच्या शेजारी तुटलं.”

तो मला धीर द्यायला बोलला. पण मला त्यातून माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट कळली. वेल्डिंगचा जोड क्वचित तुटतो. त्याच्या उष्णतेनं शेजारची जागा बदलते आणि पुढं ती तुटते. दुकानावर आलो आणि टर्पेंटाइननं पाटीवरचा ‘खात्रीशीर’ शब्द पुसून टाकला. त्यानंतर एक नेम केला. चीर दिसली की तो शाफ्ट माझ्या दुकानातून पुन्हा गाडीखाली जाणार नाही, मग मालक कोणी का असेना.

या नेमाची खरी परीक्षा दोन-तीन वर्षांनी झाली, ती एका शर्यतीच्या गाडीवर.

इस्लामपूरकडच्या एका मोठ्या बागायतदाराचे चिरंजीव विश्वासराव पुण्यात इंजिनियर होऊन आले होते. वय पंचवीस-सव्वीस. त्यांना सगळे दादासाहेब म्हणायचे. घरचं लक्ष उसात, यांचं लक्ष मोटारीत. त्यांनी एक जुनी, दोन दारांची विलायती गाडी घेतली होती आणि तिच्यात मोठं इंजिन बसवलं होतं. मद्रासच्या बाजूला लढाईच्या काळातली एक मोकळी धावपट्टी होती, तिथं दर वर्षी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. तिथं उतरायचं त्यांच्या मनात होतं.

गाडी चालवणार होता बाळू माने. तो साताऱ्याच्या पूर्व भागातला, लष्करात डोंगरी रस्त्यांवर ट्रक चालवून आलेला. आम्ही दोघं एकाच वेळी फौजेत होतो, त्यामुळं मैत्री होती. त्याच्याइतका शांत हात मी दुसरा बघितला नाही. गाडी घसरली तरी त्याच्या तोंडातली सुपारी त्याच चालीनं फिरत राहायची. तोच गाडी माझ्याकडं घेऊन आला.

“सुदाम, ही बया एका वेगापर्यंत ग्वाड चालती. त्याच्या वर गेलं की अशी थरथरती की आरशात मागचं कायबी दिसत न्हाई.”

मी गाडीखाली गेलो. कारण लगेच कळलं. मोठ्या इंजिनाला जागा करताना कुणीतरी लांब आणि बारीक नळीचा शाफ्ट टाकला होता. पोरी दोरीवरच्या उड्या मारतात तेव्हा दोरी मधोमध कशी फुगते? फार वेगानं फिरणारी नळी तशीच मधोमध फुगायला बघते. लांब आणि बारीक असली की लवकर फुगते, आखूड आणि जाडजूड असली की उशिरा. फुगली की थरथर, आणि थरथर वाढली की ती तुटते.

मी म्हटलं, “जास्त घेराची, पातळ पत्र्याची पोलादी नळी टाकू. मी करून देतो.”

विश्वासरावांनी मान हलवली. त्यांच्या हातात विलायती मासिक होतं. “पोलाद नको. आता तिकडं ॲल्युमिनियमचे शाफ्ट वापरतात. निम्म्या वजनाचे. हलकी वस्तू लवकर फिरते, गाडी लवकर वेग घेते. मिस्त्री, जग कुठं गेलंय बघ जरा.”

मी मासिक बघितलं. इंग्रजी मला फौजेपुरतं येतं, पण चित्रं कळतात. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या तिसरा हिस्सा, पण ताठपणाही तितकाच कमी. तेवढाच जोर सोसायचा तर नळी जाडही पाहिजे आणि घेरानं मोठीही पाहिजे. एवढं करूनही ती वजनाला कमीच भरते आणि घेर मोठा असल्यानं फुगतही नाही. हा तिचा खरा फायदा. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा विश्वासरावांनी माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

दोन महिन्यांनी ते स्वतः एक लांब लाकडी खोकं घेऊन आले. विलायतेत त्यांचा मावसभाऊ होता, त्यानं तिथल्या एका मोडीत निघालेल्या शर्यतीच्या गाडीचा ॲल्युमिनियमचा शाफ्ट बोटीनं पाठवला होता. खोकं उघडलं आणि खरं सांगतो, मी भुललो. असली वस्तू मी हातात धरलीच नव्हती. भाताच्या पातेल्याच्या रंगाची, हातात फुलासारखी, आणि दोन्ही टोकांचं काम इतकं साफ की बोट फिरवत राहावं. मी तो एका हातानं उचलून बाळूला दाखवला. बाळू म्हणाला, “ह्यो शाफ्ट हाय का बासरी?”

दोन अडचणी होत्या. एक, घेर मोठा असल्यानं तो गाडीच्या तळाला घासत होता. ते काम पत्रेवाल्यानं तळ उचलून केलं. दुसरी मोठी. शाफ्ट चार बोटं जास्त लांब होता. म्हणजे कापायचा आणि पुन्हा जोडायचा.

ॲल्युमिनियमला आपलं रोजचं वेल्डिंग चालत नाही. त्याला आर्गॉन वायूच्या झोतात जोडतात. ती सोय तेव्हा सांगलीत माझ्या माहितीत नव्हती. मी आणि बाळू शाफ्ट घेऊन पुण्याला गेलो. तिथल्या एका कारखान्यातल्या वयस्कर वेल्डरनं माझ्यासमोर जोड मारला. एकावर एक नाणी रचल्यासारखा, बघत राहावं असा. काम झाल्यावर तो चष्मा पुसत म्हणाला, “जोडाची काळजी करू नका. पण हा धातू कारखान्यात भट्टीत तापवून कडक केलेला असतो. जोड मारला की दोन्ही बाजूला बोटभर जागा मऊ पडते. ती परत कडक करायची तर अख्खा शाफ्ट तशा भट्टीत घालायला हवा. ती भट्टी आमच्याकडे नाही.”

मी ते विश्वासरावांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, “शर्यत म्हणजे किती फेऱ्या? तेवढ्याला काय होतंय.”

सांगलीजवळ कवलापूरच्या माळावर विमानांसाठी केलेली एक पट्टी आहे. तेव्हा तिच्यावर विमानं कमी आणि म्हशी जास्त असायच्या. म्हशी बाजूला काढून आम्ही तिथं गाडी पळवली. त्याआधी शाफ्टचा तोल काढला. आमच्याकडं त्याचं मशीन नव्हतं. मागची चाकं उचलायची, इंजिन चालू करायचं, फिरत्या शाफ्टजवळ अलगद खडू न्यायचा. जड बाजू बाहेर येते, खडूची खूण तिथंच उमटते. मग तिच्या समोरच्या अंगाला पट्टी आवळून वजन द्यायचं. हे करताना शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत कापलेल्या असाव्या लागतात आणि मन जागेवर असावं लागतं.

गाडी सुटली. बाळू परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. “लय भारी गड्या. थरथर न्हाईच. आता नुसती वाऱ्याची गाठ.” विश्वासरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही अभिमान वाटला, उगाच खोटं कशाला बोलू.

पुढचे पंधरा-वीस दिवस गाडी तिथं रोज पळत होती. शर्यतीला आठ दिवस राहिले तेव्हा मी शाफ्ट उतरवायला सांगितला. विश्वासराव म्हणाले, “कशाला? चालतंय ते चालू दे.” मी म्हटलं, “दादासाहेब, एकदा बघतो आणि परत बसवतो.”

बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी आमचा एक उपाय असतो. भाग रॉकेलनं भिजवायचा, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसायचा आणि वर खडूची बारीक पूड मारायची. चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. मी पूड मारली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर जोडापासून बोटभर अंतरावर, केसासारखी, दीड इंचाची रेघ.

पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा तीच रेघ, तिथंच. तिसऱ्यांदा केलं तेव्हा बाळू शेजारी उभा होता.

“ओरखडा असंल.”

“ओरखडा परत परत रॉकेल सोडत न्हाई.”

बाळू म्हणाला, “दादासाहेबांचं नाव पेपरात छापून आलंय सुदाम. घरात थोरल्यांशी भांडून त्यांनी हे केलंय. ते म्हणतील तर मी चालवणार. त्यांचं मीठ खाल्लंय.”

दुपारी विश्वासराव आले. मी रेघ दाखवली. त्यांनी वाकून बघितलं, नखानं खरवडलं.

“ही वरची आहे. कातडीवरची.”

“असंलबी. आत किती गेलीय ते मला दिसत न्हाई. म्हणूनच हा शाफ्ट घालायचा न्हाई.”

“मग काय घालायचं?”

“पोलादी करून देतो. चार दिवसांत.”

“चार दिवसांत केलेल्या शाफ्टवर मी मद्रासला जाऊ?” त्यांचा आवाज चढला. “आणि खाली तू कडं बसवलंयस ना? तुटला तर कडं धरेल.”

खरं होतं. तुकारामनंतर मी प्रत्येक शाफ्टखाली लोखंडी कडं बसवायचो, तुटलं तर टोक जमिनीला लागू नये म्हणून. “कडं जीपच्या वेगाला धरतं,” मी म्हटलं. “ह्या वेगाला धरंल का, ते मला ठाव न्हाई. तुमाला हाय?”

त्यांनी रुमालानं हात पुसले आणि बाळूकडं बघून म्हणाले, “संध्याकाळपर्यंत बसवून घे. उद्या गाडी ट्रकवर चढवायची.” आणि जीपकडं चालू लागले.

बाळूनं शाफ्ट उचलला. तो माझ्याकडं बघत नव्हता. मी त्याच्या हातातून शाफ्ट घेतला, लेथवर चढवला, चक आवळला आणि कापायचं हत्यार सरळ जोडाशेजारी लावलं. लेथ सुरू झाल्याचा आवाज ऐकून विश्वासराव वळले. त्यांना वाटलं असेल, काहीतरी घासून साफ करतोय. ते दारात पोचेपर्यंत शाफ्टचे दोन तुकडे झाले होते.

लेथचा पट्टा थांबला.

“तुझं डोकं फिरलं का रे?” विश्वासराव म्हणाले. “सातासमुद्रापलीकडून आणलेली वस्तू. ती माझी होती.”

“तुमचीच होती. दुकान माझं हाय. चीर गेलेला शाफ्ट हितनं बाहेर जात न्हाई.”

त्यांनी जोडाचा तुकडा उचलला, बाकावरच्या शिकंज्यात आवळला आणि भिंतीजवळचा मोठा हातोडा घेतला. एक घाव. दुसरा. तिसरा. तुकडा वाकला. चौथ्या घावाला आणखी वाकला. तुटला नाही. हातोडा खाली टाकून ते म्हणाले, “कुठं आहे तुझी चीर?”

एका घावानं वाकणं वेगळं आणि लाखो फेऱ्यांनी थकून तुटणं वेगळं, हे मला माहीत होतं. मऊ धातू हातोड्याला वाकणारच. पण त्या क्षणी माझ्याजवळ दाखवायला पुरावा नव्हता. वाकलेला तुकडा समोर होता आणि तो त्यांच्या बाजूनं साक्ष देत होता. तो शाफ्ट मद्रासला तुटला असता की निमूटपणे शर्यत पुरी करून आला असता, हे मी आजही सांगू शकत नाही. एवढी देखणी वस्तू मी माझ्या हातानं कापली, याची हळहळ अजून आहे.

ते निघून गेले. बाळू उभाच होता.

“माझ्यासाठी केलंस व्हय रं?”

“न्हाई. मला पुन्हा मिरजेच्या दवाखान्यात जायचं नव्हतं.”

गाडी माझ्याच दुकानात, शाफ्टविना. मी पहिल्या एस.टी.नं कोल्हापूरला गेलो आणि उद्यमनगर पालथं घातलं. तिथं इंजिनांचे सुटे भाग करणारी खूप दुकानं. बिनसांध्याची, पातळ पत्र्याची, हव्या त्या घेराची नळी चौथ्या दुकानात मिळाली, तीही एकच. ती खांद्यावर घेऊन आलो आणि मग दोन दिवस लेथ सोडला नाही. चिमट्यांचे खांदे नळीत घट्ट बसतील असे लेथवर कातले, दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत धरले, वेल्डिंग थांबत थांबत, चारही बाजूंनी थोडं थोडं मारलं, म्हणजे नळी एका अंगाला ओढली जात नाही. बाळू सगळा वेळ हाताखाली होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी कवलापूरला गेलो. विश्वासरावांना निरोप धाडला होता. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. लांब उभे राहिले. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांकडनं आणलेलं घड्याळ त्यांच्याच हातात होतं. बाळूनं एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत गाडी पळवली. थरथर नव्हती. विश्वासरावांनी घड्याळ बघितलं आणि खिशातल्या वहीतला ॲल्युमिनियमच्या शाफ्टचा जुना आकडा बघितला. मग बाळूला पुन्हा पळवायला लावलं. पुन्हा घड्याळ बघितलं. डोळ्याची पापणी लवावी तेवढा फरक असावा. चाकाच्या मानानं शाफ्ट इतका बारीक असतो की तो हलका केल्यानं फिरण्यात फार काही वाचत नाही, थरथर थांबवायचं खरं काम वाढलेल्या घेरानं केलेलं असतं. हे ते शिकलेले असणार. गाडी ट्रकवर चढली आणि गेली.

इकडं माझ्या नावाचा बोभाटा झाला. चौकातल्या चहाच्या टपरीवर लोक मला ऐकू येईल असं म्हणायचे, “दुसऱ्याची वस्तू कापतो त्यो मिस्त्री.” इस्लामपूरच्या बाजूचे ट्रक दारावरून जायचे आणि पुढच्या गॅरेजला थांबायचे. एका जुन्या गिऱ्हाइकानं स्पष्ट सांगितलं, “तुमच्याकडं यायचं मन हाय, पण मोठ्यांशी वाकडं कोण घेणार?” मी दिवसभर लेथ पुसत बसायचो. बायको म्हणाली, “कापलं ते बराबर केलं का?” मी म्हटलं, “व्हय.” ती म्हणाली, “मग तोंड पाडून बसू नगा.”

दहा-बारा दिवसांनी दुकानासमोर जीप थांबली. विश्वासराव उतरले, मागून बाळू. त्याच्या कपाळाला पट्टी होती. दोघांनी मिळून मागच्या बाजूनं माझा पोलादी शाफ्ट काढला आणि बाकावर ठेवला.

मी बघतच राहिलो. शाफ्टला पीळ पडला होता. मी एका रेषेत बसवलेले दोन चिमटे आता एकमेकांना काटकोनात उभे होते. मधली नळी पिळलेल्या धोतरासारखी दिसत होती.

“काय झालं?”

बाळूनं सांगितलं. तो तिसऱ्या नंबरवर होता. लांब सरळ पट्टीवर, सगळ्यात जास्त वेगात, गिअरबॉक्समधला एक दात तुटला आणि दोन चक्रांच्या मधे अडकला. गिअरबॉक्स जागच्या जागी जाम. मागची चाकं पळतायत, पुढं सगळं थांबलंय, आणि मधे फक्त शाफ्ट. “चाकं किंचाळली. मला वाटलं, आता हे खालनं वर येतंय. मी पाय सीटवर घेतलं बघ. पण वर कायबी आलं न्हाई. गाडी सरळ फरपटत गेली आन् गवतात जाऊन थांबली. कपाळ तेवढं स्टेअरिंगवर आपटलं.”

मी शाफ्टवर हात फिरवला. जोडाशेजारची जागा खडू लावून बघितली. दोन्ही टोकांना कुठंही रेघ नव्हती. पोलादाचं हे असं असतं. ते आधी पिळतं आणि मग तुटतं, आणि त्या दोहोंच्या मधे माणसाला थोडा वेळ मिळतो. ॲल्युमिनियमचा नवाकोरा, न कापलेला, कारखान्यातून आलेला शाफ्ट असता तर त्यानंही कदाचित सोसलं असतं. त्या धातूची बदनामी मला करायची नाही. पण चीर गेलेला तो शाफ्ट तिथं असता, तर... मी बाळूच्या पायांकडं बघितलं.

विश्वासराव बाकाजवळ उभे होते. त्या पिळावर बोट ठेवून म्हणाले, “कांबळे मिस्त्री, असाच आणखी एक करा. पुढच्या वर्षाला.”

‘करा’ म्हणाले. इतके दिवस ‘कर’ होतं.

“करतो.”

“आणि तुम्ही संगं यायचं. शाफ्ट तुम्ही बघितल्याशिवाय गाडी सुटायची नाही.”

पुढच्या वर्षी मी मद्रासला गेलो. आगगाडीनं दोन दिवस, मांडीवर हत्यारांची पिशवी. विश्वासरावांच्या शेजारी बसून डब्यातली भाकरी खाल्ली. धावपट्टीवर ही एवढी माणसं, रंगीबेरंगी गाड्या, काही तर आमच्या गाडीच्या दुप्पट ताकदीच्या. इंजिनांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मी तापलेल्या सिमेंटवर पोतं टाकून गाडीखाली सरकलो. क्रॉसला हात लावून बघितला. चारी बोल्ट एकेक करून पान्यानं तपासले. नळीवर, जोडांच्या शेजारी, बोट फिरवलं. मग बाहेर आलो.

समोर झेंडेवाला माणूस गाड्या रांगेत घेत होता. विश्वासराव बाळूच्या खिडकीशी वाकून काहीतरी सांगत होते. बाळूनं मान हलवली, पण बघत होता माझ्याकडं.

“सोडू का?” त्यानं हातानं विचारलं.

मी कपाळावरचा घाम पुसला आणि ओरडून सांगितलं, “सोड!”